झड, पूर आणि खारे वारे : सीमाभागातील घरांची पावसाळी निगा व दुरुस्ती

पावसाने घराचे नुकसान झाले असे आपण सरसकट म्हणतो, परंतु बेळगाव सीमाभागात हे नुकसान तीन निरनिराळ्या वाटांनी होते आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा असतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीकडच्या गावांत, पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, यालाच झड म्हणतात, आणि भिंतीत मुरतो. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक या बाजूला मुळात पाऊस बेताचाच असतो, पण वरच्या पाण्याने कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा फुगतात आणि घर खालून भिजते. घाट उतरून कारवारकडे गेले की यात समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याची भर पडते आणि तो बाराही महिने लोखंड खात असतो. घर यांपैकी कोणत्या पट्ट्यात आहे हे लक्षात न घेता दुकानदार सांगेल तो वॉटरप्रूफिंगचा डबा आणून फासणे हा या भागातला सर्वात महागडा आणि सर्वात निरुपयोगी उद्योग आहे. आधी पाण्याची वाट बंद करायची, मग भिंत वाळू द्यायची, त्यानंतर गिलावा आणि सर्वात शेवटी रंग, हा क्रम तिन्ही पट्ट्यांत सारखाच लागू पडतो.

ओल कुठून येते ते आधी ओळखावे

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग चढलेली ओल, तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) आणि सुटलेले पोपडे असतील, तर पाणी पायातून वर चढत आहे. पश्चिम किंवा नैऋत्य बाजूच्या भिंतीवर, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यांतून खाली उतरणारी ओल झडीची असते. छताला गोल डाग पडून त्याभोवती तांबूस कडा दिसत असेल तर गळती वरची आहे. आणि भर उन्हाळ्यातही डाग सुकत नसेल तर पावसाला दोष न देता न्हाणीघराचा नळ आणि मोरीचा पाइप तपासावा.

वरची गळती शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाणी ज्या ठिकाणी टपकते त्याच ठिकाणी ते आत शिरलेले असते असे नाही. कौलारू घरात ते वाशाच्या खालच्या अंगाने हातभर, कधी दोन-तीन हात घरंगळत येते आणि गाठ किंवा खिळा आडवा आला की तेथे गळू लागते. म्हणून पाऊस चालू असतानाच विजेरी घेऊन माळ्यावर जावे, ओल्या वाशाचा माग उताराच्या वरच्या दिशेने काढावा आणि जेथे ओल संपते तेथे वाशावर खूण करून ठेवावी. ही खूण केली नाही तर उघडीप पडल्यावर छपरावर चढलेला माणूस अंदाजाने दहा कौले बदलतो आणि अकरावे राहून जाते.

कौलारू छप्पर

शाकारणीचे, म्हणजे कौले उतरवून पुन्हा नीट बसवण्याचे, काम रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी उरकावे हा जुना शिरस्ता आजही योग्यच आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाचे वारे शाकारलेली कौलेही हलवतात, त्यामुळे मृगाच्या तोंडावर छपरावरून एकदा पुन्हा नजर फिरवणे आवश्यक असते.

कामाला सुरुवात करताना आढ्यापासून खाली येत एकेक ओळ उतरवावी. कौलांवर थेट पाय न देता वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसावे. उतरवलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. खणखणीत वाजले तर ते चांगले, बद्द आवाज आला तर त्यात डोळ्यांना न दिसणारी चीर आहे असे समजावे. शेवाळ कोरड्या ब्रशने काढावे, कारण शेवाळाने कौलांच्या जोडातील खाच भरली की पाणी खाली न वाहता उलट आत येते. नवी कौले घालायची झाल्यास ती जुन्यांत मिसळू नयेत. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगलोरी कौलांच्या मापात थोडाफार फरक असतो आणि तेवढ्याने खाच नीट बसत नाही. त्यापेक्षा पुढच्या पाखेवरची (छपराच्या उतरत्या बाजूवरची) चांगली जुनी कौले मागच्या पाखेला वापरावीत आणि एक पाख संपूर्ण नव्या कौलांची करावी.

कौले उतरलेली असतानाच वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) पाहून घ्याव्यात. वासा मधोमध क्वचितच कुजतो. तो भिंतीवर टेकलेला असतो तेथे कुजतो. त्या टोकाला पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर वरून रंग देण्यात अर्थ नाही, सुताराला बोलावून तेवढा भाग कापून जोड द्यावा लागतो. अलीकडे कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत सर्वत्र पडली आहे. दोन-चार दिवसांची निकड असेल तर ते ठीक आहे, परंतु तो कायमचा ठेवल्यास खालून येणारी चुलीची वाफ आणि घरातील दमट हवा अडते, रिपा ओल्या राहतात आणि काही वर्षांत वाळवी लागते. ज्यांना दुसरा थर हवाच असेल त्यांनी तो रिपांना चिकटवून न लावता मध्ये हवा खेळेल अशी पट्टी ठोकून लावावा.

शहापूर, वडगाव, खासबाग येथील जुन्या वस्तीत दोन घरांची भिंत सामायिक असते आणि दोन्ही पाखांचे पाणी मधल्या पन्हळीत उतरते. या पन्हळीइतका वादाचा विषय दुसरा नसेल. ती स्वच्छ कोणी करायची यावर दोन्ही घरे गप्प राहतात आणि पहिल्याच जोरदार पावसात पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ दोन्हीकडे सारख्याच निःपक्षपातीपणे गळते. पन्हळ किमान नऊ इंच रुंद असावी, तिला स्पष्ट उतार असावा आणि तिचा पत्रा दोन्ही बाजूंनी कौलांखाली किमान सहा इंच गेलेला असावा. पत्रा गंजून चाळण झाला असेल तर डांबर फासून वर्ष काढण्यापेक्षा दोन्ही घरांनी खर्च वाटून तो बदलणेच स्वस्त पडते.

पत्र्याचे छप्पर

पत्रे उडतात ते बहुधा मृगात नव्हे तर वळिवात. वारा छपराला खाली दाबत नाही, वर उचलतो. हा उचलण्याचा जोर वळचण, आढे आणि कोपरे येथे सर्वाधिक असतो, म्हणून स्क्रू किंवा जे-हूक तेथे इतर ठिकाणच्या निदान दुप्पट हवेत. नागमोडी पत्र्याला छिद्र उंचवट्यावर पाडावे, खोलगटात पाडल्यास वॉशर कितीही चांगला असला तरी कालांतराने पाणी उतरते. पत्रे घालताना पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेकडे सरकावे, म्हणजे शेजारच्या पत्र्यावरचा जोड पावसाळी वाऱ्याकडे पाठ करून राहतो. खालच्या-वरच्या पत्र्यांचा जोड निदान सहा इंचांचा असावा. पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, पण मोठ्या वाऱ्यात तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात पडतात.

स्लॅब

स्लॅबवर पाणी साचत असेल तर कोणताही लेप फार काळ टिकत नाही. शंभर फुटांना एक फूट या प्रमाणात उतार काढून घेणे हे पहिले काम. गच्चीची फरशी आणि कठडा जेथे मिळतात त्या कोपऱ्यात गवंड्याकडून गोलाईचा वाटा मारून घ्यावा, कारण बहुतेक गळती या काटकोनातूनच होते. भेगा व्ही आकारात कोरून, झाडून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भराव्यात आणि त्यानंतरच लेपाचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा, द्यावेत. काम झाल्यावर पाइपांची तोंडे बांधून गच्चीवर दोन इंच पाणी दोन ते तीन दिवस उभे करावे आणि खाली छताला ओल येते का ते पाहावे. ही चाचणी झाल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये.

झडीची भिंत आणि काळी जमीन

खानापूर भागातील जुनी घरे जांभ्या दगडाच्या जोत्यावर कच्च्या विटांच्या किंवा मातीच्या भिंती घालून बांधलेली आहेत. या भिंती पावसाने पडत नाहीत, त्या आपल्या दुरुस्तीने पडतात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. भिंत टिकाऊ व्हावी म्हणून लोक तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करतात. माती ओलीने फुगते, वाळली की आकसते, सिमेंट मात्र जागचे हलत नाही, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. त्यांतून पाणी आत जाते, पण सिमेंटच्या कवचामुळे ते बाहेर पडू शकत नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून चिखल होते. अशा भिंतीला मातीचाच गिलावा द्यावा. चाळलेली माती, भाताचे बारीक चिरलेले पिंजार आणि शेण एकत्र मळून आठवडाभर कुजवावे, दोन पातळ हात द्यावेत आणि वरून चुन्याची सफेदी करावी. हे दरवर्षी करावे लागते हे खरे, पण भिंत दर वर्षी उभी असते. झडीच्या बाजूला वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढली किंवा पत्र्याची पडवी उतरवली तर निम्मे काम तेथेच होते. जोत्याच्या वरच्या कडेला भिंतीपेक्षा बाहेर आलेली सपाट पट्टी असेल तर तिच्यावर पाणी थांबते, तिला बाहेरच्या बाजूला उतार देऊन घ्यावा.

निपाणी-चिक्कोडीकडील काळ्या जमिनीत प्रश्न वेगळा आहे. ही जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याबरोबर पाया वरखाली होतो आणि भिंतीत तिरप्या चिरा पडतात. उन्हाळ्यात रुंद होणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर सिमेंटने भरल्यास ती शेजारी दुसरी जागा शोधते. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करावी, पन्हळीचे पाणी पाइपने तिच्यापलीकडे सोडावे आणि भिंतीलगतची मोठी झाडे टाळावीत, म्हणजे पायाखालच्या ओलीत फार चढउतार होत नाही. चीर भरायची ती लवचीक सीलंटने.

कारवारच्या बाजूला

घाटाखाली अनेकांची आजोळे आणि सोयरीक आहे, आणि तेथील घरे बेळगावच्या गवंड्याच्या सवयीने दुरुस्त केली तर ती फसतात. खाऱ्या हवेत मुख्य शत्रू गळती नसून सळईला लागणारा गंज आहे. गंजलेले लोखंड मूळ आकारापेक्षा कितीतरी फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. छज्जाच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत पडलेली सरळ चीर आणि तांबूस ओघळ ही त्याची पहिली निशाणी. आयएस ४५६ या मानकानुसार किनाऱ्यावरील उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन आणि एम-३० प्रतीचे काँक्रीट अपेक्षित आहे. जुन्या घरांत याच्या निम्मे आच्छादनही सापडत नाही. दुरुस्ती करताना सुटलेला तुकडा पाडून वरून सिमेंट लिंपू नये. सळईच्या मागे बोट जाईल इतके काँक्रीट फोडावे, सळई तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासावी, जस्ताचा प्रायमर द्यावा आणि मग पॉलिमर मसाल्याने भरावे. किनाऱ्यावरची वाळू आणि खारट विहिरीचे पाणी बांधकामात वापरू नये, ती बचत दहा वर्षांत उलटते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या लाटांनी कारवारच्या किनाऱ्याला झोडपले, तर २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांत काळी नदीवरील कद्रा धरणातून सोडलेल्या पाण्याने नदीकाठची गावे भिजली. या दोन पाण्यांत मोठा फरक आहे. नदीच्या पुरात भिजलेली भिंत लगेच वाळवायला घ्यावी, परंतु समुद्राचे पाणी लागलेली भिंत, दारे, बिजागऱ्या आणि पत्रे आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवावेत, नाहीतर आत राहिलेले मीठ हवेतील दमटपणा ओढत राहते आणि ती भिंत कधीच कोरडी होत नाही.

पुराचे पाणी येते तेव्हा

पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस या पंधरवड्यांत नदीकाठच्या माणसाने धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांकडे लक्ष ठेवावे. २०२१ चा पूर पुष्यात आणि २०१९ चा आश्लेषात आला. दोन्ही वेळा निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. ज्यांच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते त्यांनी ती पुसू नये. विजेचा बोर्ड, मीटर, इन्व्हर्टर आणि धान्याच्या कणग्या त्या रेघेच्या दोन फूट वर नेणे हा पुराविरुद्धचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

घर सोडताना मेन स्विच बंद करावा, पण पाण्यात उभे राहून नव्हे. पाणी बोर्डापर्यंत पोहोचले असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केल्यावरही आतल्या तारांत वीज असते, हे विसरल्याने अपघात होतात. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवावा, कारण रिकामा सिलिंडर तरंगतो आणि दारे फोडतो.

पाणी ओसरल्यावर मातीच्या घरात घाईने शिरू नये. पुरात उभी राहिलेली भिंत पाणी उतरल्यावर दोन-चार दिवसांनी बसते, कारण आतापर्यंत दोन्ही बाजूंच्या पाण्याने तिला धरून ठेवलेले असते आणि तळाचा भाग मऊ झालेला असतो. आधी बाहेरून चारी बाजूंनी फिरून भिंत ओळंब्यात आहे का, कोपरे सुटले आहेत का, आढे वाकले आहे का ते पाहावे. शंका आली तर आतून वाशाखाली तात्पुरते खांब देईपर्यंत कोणीही आत झोपू नये. अडगळीत सापही असतात, म्हणून सामान हाताने न उचलता काठीने हलवून पाहावे.

पंचनामा

साफसफाई सुरू करण्यापूर्वी पाण्याची रेघ, पडलेली भिंत आणि भिजलेले सामान यांची छायाचित्रे घ्यावीत, शक्यतो एखाद्या छायाचित्रात घराचा क्रमांक किंवा दर्शनी भाग दिसावा. तलाठी, पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि अभियंता पाहणी करून नुकसानीचे प्रमाण ठरवतात. २०१९ च्या पुरानंतर घरांची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली आणि मदतीची रक्कम त्यावरच अवलंबून राहिली, म्हणून पाहणीच्या वेळी घरातील जाणत्या माणसाने हजर राहून मागची भिंत, न्हाणीघर, गोठा असे सर्व दाखवावे. ई-स्वत्तू उतारा (पंचायतीचा मालमत्तेचा ऑनलाइन उतारा), आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत आधीच ठेवाव्यात. जागा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसा नोंद उन्हाळ्यातच करून घ्यावी, पुरानंतर ती होत नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला आणि सोबत मराठी प्रत आपल्याजवळ ठेवली तर कार्यालयात खेटे कमी पडतात. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. पंचनाम्यापूर्वी घर सोडणे भाग पडले तर १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर नोंद करून ठेवावी.

वाळवण आणि दुरुस्ती

गाळ ओला असतानाच फावड्याने काढावा. वाळला की तो फरशीला घट्ट धरतो. भिजलेले स्विच, एमसीबी आणि सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नयेत, नवे बसवावेत, आणि परवानाधारक वायरमनने अर्थिंग तपासल्यानंतरच वीज सुरू करावी. या निमित्ताने ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेणे शहाणपणाचे आहे.

विहीर बुडाली असल्यास आधी उपसून गाळ काढावा. मग गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणावे, त्याला पुन्हा ३.१४ ने गुणून चाराने भागावे, म्हणजे घनमीटरमध्ये पाणी कळते. प्रत्येक घनमीटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडावे. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाण्याच्या विहिरीला ही पावडर साधारण सत्तर ग्रॅम लागते. निदान तासभर पाणी वापरू नये आणि पुढील काही आठवडे ते उकळूनच प्यावे.

भिंतीच्या बाबतीत घाई सर्वाधिक नडते. विटांची भिंत वाळण्यास दर इंच जाडीला साधारण एक महिना लागतो असा गवंड्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे नऊ इंची भिंत ऑगस्टमध्ये भिजली तर ती दिवाळीला कोरडी असणे शक्य नाही. दिवाळीसाठी म्हणून रंग लावणाऱ्यांच्या भिंती होळीला पोपडे टाकतात ते यामुळेच. पाण्याच्या रेघेच्या वर दोन फुटांपर्यंतचा गिलावा काढून टाकावा, खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात, कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत. वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकावा. पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. भिंत वाळली की नाही हे पाहण्यासाठी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले तर थांबावे. दव नसेल तर विटांच्या जुन्या भिंतीला चुना-वाळूचा एकास तीन गिलावा करावा, आणि पहिले वर्ष तिला सफेदीवरच ठेवून ऑइल पेंट किंवा डिस्टेंपर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबणीवर टाकावे.

फुगलेली दारे आणि खिडक्या मात्र वाळेपर्यंत अडकतील तशा अडकू द्याव्यात. ओल्या लाकडावर रंधा मारून ती बसवली की मार्चमध्ये फटीतून बोट जाते, आणि ती फट भरायला पुन्हा सुतारच बोलवावा लागतो.